पट्टीवाल्या भाभींचा हिशेब

असरची नमाज झाली की सोलापुरातला विजापूर वेशीकडचा रस्ता ओळखू येत नाही. खजुराचे ढीग, कलिंगडाच्या फोडी, रंगीत सरबतांचे पिंप आणि रस्त्याच्या दोन्ही कडांनी मांडलेल्या कढया. मगरिबची अजान व्हायला थोडाच वेळ असतो आणि त्या वेळात अख्ख्या रस्त्याला आपला दिवसाचा धंदा उरकायचा असतो. रमजानमध्ये या भागात चक्कर मारायला शहराच्या सगळ्या पेठांतून लोक येतात. त्यात रोजा नसलेले निम्मे तरी असतात.

या गर्दीपासून चार गल्ल्या आत एका घरात मात्र याच वेळेला सामसूम असते. सगळ्यांच्या कढया तापायला लागतात तेव्हा इथला तवा निवून, घासून, भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. दारात एक स्टूल, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेल्या पांढऱ्या पट्ट्या आणि शेजारी एक शंभर पानी वही. शाळेतून परतलेला एखादा मुलगा सायकल न थांबवताच ओरडतो, "खाला, दो पाकिट!" पैसे घरून आधीच आलेले असतात.

गल्लीत त्यांना पट्टीवाल्या भाभी म्हणतात. खरे नाव छापायला त्यांची हरकत आहे आणि कारण त्यांनी सरळ सांगितले: "काम चालू आहे. नजर नको."

भाभी विकतात ती समोशाची पट्टी. समोसा नाही, सारण नाही, चटणी नाही. मैद्याचा कागदासारखा पातळ, अर्धवट भाजलेला, तीन बोटे रुंदीचा तुकडा. तो त्रिकोणात दुमडायचा, आत खिमा किंवा कांदा किंवा बटाटा भरायचा, टोकाला मैद्याची खळ लावून चिकटवायचे आणि तळायचे. पंजाबी समोशाच्या जाड पारीपेक्षा हा प्रकार वेगळा. दस्तरखानावर समोसा म्हटला की बहुतेक मुस्लिम घरांत हाच अभिप्रेत असतो.

पट्टी करायला अवघड नाही, पण कटकटीची. मैदा मीठ-पाण्यात घट्टसर मळून झाकून ठेवायचा. पुरीएवढ्या लाट्या लाटायच्या, एकीवर तेल लावून कोरडा मैदा भुरभुरायचा, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. ही चळत एकत्र लाटत न्यायची. मग तव्यावर दोन्ही बाजूंनी नुसती धग दाखवायची. डाग पडला तर पट्टी दुमडताना तुटते. उतरवल्या उतरवल्या, बोटे पोळत असतानाच पापुद्रे वेगळे करायचे. थंड होऊ दिले की ते सुटत नाहीत. मग कडा कापून पट्ट्या पाडायच्या आणि दमट फडक्यात गुंडाळायच्या. फडके कोरडे राहिले तर पट्टी तडकते, जास्त ओले झाले तर सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो. दिवसभर रोजा असलेल्या बाईने हे सगळे दुपारी चार वाजता, इफ्तारच्या बाकीच्या तयारीसोबत करायचे, म्हणजे काय होते ते घरोघरच्या सुनांना विचारावे.

पट्टीपर्यंत भाभी सहजासहजी पोचल्या नाहीत. त्यांचे यजमान अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या मागावर होते. टाळेबंदीनंतर कारखान्यातल्या पाळ्या कमी झाल्या. 2020 चा रमजान घराच्या चार भिंतींत गेला, 2021 चाही निर्बंधांतच. त्या दोन्ही वर्षी एका नातेवाइकाकडून जकातीचे पाकीट आले. ते घेताना भाभींनी काही बोलून दाखवले नाही, पण पाकीट कोणत्या तारखेला आले हे त्यांना आजही पाठ आहे.

2022 च्या एप्रिलमध्ये रमजान आला तेव्हा निर्बंध नुकतेच उठले होते. दोन वर्षे ज्यांचा हंगाम बुडाला होता ते सगळेच रस्त्यावर उतरले. भाभींनीही भिशीचे पैसे उचलले, कढई घेतली आणि यजमानांना समोशाच्या गाडीवर उभे केले. रस्त्याच्या एका टप्प्यात त्यांनी स्वतः मोजल्या होत्या, सतरा गाड्या. खिमा समोसा, कांदा समोसा, भजी, कटलेट. प्रत्येकाकडे तेच आणि भावही तोच. जुन्या गाड्यांची गिऱ्हाइके ठरलेली. नव्या गाडीकडे लोक जागा नाही म्हणून वळायचे. चाळीस अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात खिमा उरला की फेकण्याखेरीज उपाय नसे. तेलाचे भाव तेव्हा भडकलेले होते. ईदच्या आदल्या रात्री हिशेब केला तेव्हा भिशीतले साडेचार हजार गेले होते आणि पुढचे दहा हप्ते भरायचे होते. त्या वर्षीही पाकीट आले.

घरबसल्या काहीतरी कर, असा सल्ला बाईला देणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. सल्लाही ठरलेला असतो: पापड, लोणची, शिवणकाम, मेंदी. 1959 साली मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभे राहिले, ही गोष्ट महिला मेळाव्यांत हमखास सांगितली जाते. ती खरी आहे आणि सांगण्याजोगीही आहे. पण ज्या वस्तूवर दुसऱ्या कोणाचे साम्राज्य उभे राहिले, नेमकी तीच वस्तू पुन्हा करायला बायकांना का सांगितले जाते, हे कळत नाही. गिरगावातल्या त्या सात जणींकडून घेण्यासारखी गोष्ट पापड ही नाहीच. त्यांनी एकच जिन्नस धरला आणि त्याची प्रत उतरू दिली नाही, ती गोष्ट घ्यायची.

भाभींना वाट दिसली ती त्या तोट्याच्या गाडीवरच. दोन-तीन बायका समोसे न घेता एवढेच विचारून जात, "पट्टी घरी करता का? नुसती पट्टी द्याल का?" यजमान हसून नाही म्हणत. भाभींच्या ते डोक्यात राहिले, पण त्याचा अर्थ त्यांना लावून दिला तो मागच्या गल्लीतल्या काकूंनी.

काकू लिंगायत, घर कडक शाकाहारी. त्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून विकतात. सोलापुरात हा घरगुती धंदा मोठा आहे. ज्वारीची पातळ भाकरी चुलीच्या धगीवर पापडासारखी कडक होईपर्यंत भाजतात, ती कितीतरी दिवस टिकते. भाभी एकदा त्यांच्याकडे रडगाणे घेऊन बसल्या होत्या. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अगं, पुण्यातल्या बायकांना भाकरी येत नाही असं थोडंच आहे? त्यांना चुलीपुढं बसायला वेळ नाही. माझ्याकडनं त्या भाकरी घेत नाहीत, बसणं घेतात."

काकूंचे हे वाक्य भाभी आता येईल-जाईल त्याला ऐकवतात. समोसा लोकांना घरचाच हवा असतो. सारणात पुदिना किती, मिरची किती, यावर प्रत्येक घराचा हेका असतो आणि तळलेला समोसा गरम गरमच दस्तरखानावर यायला हवा. बाहेरून कोणी आणला तर आणतात, पण हौसेने नाही. नको असते ते मधले लाटणे. तेवढेच काम उचलायचे, पुढचे-मागचे ज्याचे त्याच्याकडे राहू द्यायचे. मुंबई-सुरतेकडे तयार पट्टीची रीत जुनी आहे. इथे मात्र त्यांच्या आसपासच्या चार मोहल्ल्यांत घरी केलेली ताजी पट्टी देणारे तेव्हा कोणी नव्हते. शिवाय पट्टीत नासणारे सारण नाही. उरली तर शीतकपाटात तीन-चार दिवस राहते.

2023 चा रमजान मार्चअखेर सुरू झाला. भाभींनी शाबान महिन्यातच ओळखीच्या बारा घरांत दहा-दहा पट्ट्या फुकट दिल्या, समोसे करून बघा म्हणून. पहिल्या आठवड्यात चाळीस घरे वहीत आली. पन्नास पट्ट्यांचे पाकीट तीस रुपयांना. फजरनंतर भाभी आणि त्यांची जाऊ कामाला बसत आणि अकराच्या आत पाच किलो मैदा संपवून उठत. तव्याच्या धगीपुढे रोजा सांभाळायचा तर सकाळचेच तास खरे. सहरीचे पाणी तोवर अंगात असते. दुपारी चारपर्यंत पाकिटे संपत. घरात सगळ्यांना वाटले, चालले.

चालले नव्हते, हे मुलीने दाखवून दिले. मुलगी तेव्हा बारावी वाणिज्य शाखेची परीक्षा देऊन बसली होती. एका रात्री तरावीहच्या वेळेला तिने आईची वही ओढली आणि एका किलोचा हिशेब मांडला. मैदा चाळीस रुपये, तेल बारा, गॅस पंधरा, पिशव्या सहा. त्र्याहत्तर. एका किलोत पट्ट्या दीडशे, म्हणजे तीन पाकिटे, नव्वद रुपये. उरले सतरा. एका किलोला एका माणसाचे दोन तास जातात.

"अम्मी, इसमें तुम्हारी मजुरी किधर है?"

भाभींचे उत्तर कुठल्याही धर्मातल्या, कुठल्याही गल्लीतल्या बाईने दिले असते तेच होते: "माझी कसली मजुरी? घरातच तर करते."

घरगुती धंदे बुडतात ते बहुधा या उत्तरापाशी. बाईचे तास हिशेबात धरलेच जात नाहीत, त्यामुळे माल स्वस्त पडतो, स्वस्त म्हणून खपतो आणि खपतो म्हणून धंदा चाललासा वाटतो. मुलीने हिशेब अजून पुढे नेला: दोन तासांचे सतरा रुपये. बिडी वळणाऱ्या शेजारणीलाही याहून जास्त पडतात. त्या रात्री घरात वाद झाला. भाव वाढवला तर गिऱ्हाइके जातील, असे यजमानांचे म्हणणे. रमजानमध्ये भाव वाढवणे बरे दिसत नाही, असे सासूबाईंचे. शेवटी दुसऱ्या अशऱ्यापासून, म्हणजे दहा रोजे झाल्यावर, पाकीट पंचावन्नला केले. चाळीसपैकी आठ घरे गेली. बत्तीस राहिली आणि किलोमागे सतराचे ब्याण्णव झाले. सासूबाई आठवडाभर नीट बोलल्या नाहीत, पण भिशीचे उरलेले हप्ते त्याच पैशांतून फिटले.

भांडवलाचा प्रश्न भाभींनी भिशीवरच सोडवला हेही नोंदवायला हवे. बचत गटाचे नाहीतर सूक्ष्म वित्त कंपनीचे कर्ज मिळत होते, पण व्याज द्यायचे-घ्यायचे नाही हा त्यांचा दंडक. भिशीत व्याज नाही. बारा जणी दरमहा ठरलेली रक्कम टाकतात आणि एकीला सगळी एकदम मिळते. अडचण एवढीच की नंबर लागेपर्यंत थांबावे लागते. भाभी दोन वर्षे थांबल्या आणि मगच जुना फ्रीज घेतला.

रमजान एकोणतीस-तीस दिवसांचा. बाकीचे अकरा महिने काय, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर चहाच्या हॉटेलांनी दिले. हैदराबादच्या इराणी चहाच्या दुकानांत बोटभर आकाराचा कांदा समोसा मिळतो, तोही पट्टीचाच. सोलापूरचे हैदराबादशी रोजचे येणेजाणे, त्यामुळे इथल्या काही हॉटेलांतही तो ठेवतात. भाभींनी अरुंद पट्टी पाडून दाखवली. आज तीन हॉटेले मिळून रोज सहाशे पट्ट्या घेतात. भाव घरगुती गिऱ्हाइकापेक्षा कमी, पण रोजचा. अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी मुलीनेच करून घेतली. छोट्या उत्पादकाला वर्षाला शंभर रुपये शुल्क लागते आणि चौदा अंकी क्रमांक मिळतो. मग पाकिटावर लेबल आले. घराचा पत्ता, तारीख, क्रमांक आणि "फक्त मैदा, मीठ, तेल".

त्या लेबलावरूनच पुढचे सगळे झाले.

2024 च्या लग्नसराईत एक आचारी घरी आला. शाकाहारी लग्नांची कंत्राटे घेणारा, हाताला यश असलेला माणूस. त्याला आठ लग्नांसाठी प्रत्येकी दोन हजार पट्ट्या हव्या होत्या. पंचावन्नच्या भावाने सतरा हजार सहाशे रुपये. भाभींनी एवढी रक्कम एका वेळी पाहिली नव्हती. तो निघताना म्हणाला, "वहिनी, पाकिटाला लेबल नको. साध्या पिशवीत द्या. कुठून आल्या ते यजमानांना कळायला नको. तुम्हाला समजतंय ना?"

आचारी वाईट माणूस नव्हता. आदल्या रमजानमध्ये याच घरात बसून त्याने शीरखुर्मा खाल्ला होता. त्याने वाईट मनाने अट घातली नव्हती, धंद्याची रीत म्हणून घातली होती. यजमान म्हणाले, पिशवीला काय करायचे आहे, दे काढून लेबल. जाऊही तेच म्हणाली. मुलगी रागावली, पण तिचे कारण वेगळे होते. अपमान झाला असे तिला वाटत होते.

भाभी दोन दिवस गप्प होत्या. त्यांच्या मनात अपमान फारसा नव्हता. मशिदीतल्या बयानातून ऐकलेली एक गोष्ट त्यांना आठवत होती. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, बोटांना आतला ओलावा लागतो. पावसाने भिजले, असे विक्रेता सांगतो. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे पैगंबर त्याला विचारतात. भाभींनी आचाऱ्याला जे सांगितले ते काकूंना नंतर कळले: "भाऊ, माझ्या पट्टीत काही वावगं नाही. तवा, पोळपाट सगळं वेगळं आहे, तुम्ही बघून जा. पण ज्याला माझ्या हातचं चालत नाही, त्याला न सांगता खाऊ घालणं मला जमणार नाही. त्याचा धर्म आहे तो. लेबल राहू द्या, घेतील ते घेतील."

आचारी पुन्हा आला नाही. नंतर पश्चात्ताप होऊन परत आला वगैरे काही घडलेले नाही. आठही लग्ने झाली आणि पट्ट्या दुसरीकडून गेल्या. ते सतरा हजार सहाशे भाभी अजून अधूनमधून मोजतात. मुलीच्या त्या वर्षीच्या फीला ते हवे होते. फी तीन हप्त्यांत गेली.

वेगळ्या तव्याची गोष्ट मात्र आचाऱ्यासाठी झालेली नव्हती. ती काकूंमुळे झाली. पट्टी सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात काकूंनी तोंडावर विचारले होते, "तुझ्या त्या तव्यावर मटणाचं काही होतं का गं?" भाभींना राग आला नाही. एवढे सरळ विचारणारे माणूस धंद्याला फायद्याचेच, असे त्या म्हणतात. त्यांनी नवा तवा, नवा पोळपाट घेतला आणि पट्टीचे काम स्वयंपाकघरातून काढून बाहेरच्या खोलीत आणले. काकूंनी येऊन पाहिले आणि दोन पाकिटे घेतली. त्यांच्याकडे आषाढात मटारचे समोसे झाले.

रमजानच्या दहाव्या तारखेला मशिदींतून हजरत खदिजांची आठवण निघते. त्यांचे निधन त्या दिवशी झाले असे परंपरा मानते. त्यांची निष्ठा, त्यांचे औदार्य यांवर बोलले जाते. त्या मक्केतल्या मातब्बर व्यापारी होत्या, त्यांचा माल काफिल्यांबरोबर जात असे आणि तरुण मुहम्मद (स.) यांना त्यांनीच आपल्या व्यापाराचे काम सोपवले होते, याचा उल्लेख एखाद्या वाक्यात आटोपतो. तो जरा लांबला तर भाभींसारख्यांच्या घरातले काही वाद लवकर मिटतील.

यंदा पहिल्या अशऱ्यात नातेवाईक नेहमीप्रमाणे पाकीट घेऊन आले. भाभींनी त्यांना बसवले, घरातल्यांची खुशाली विचारली आणि पाकीट हातात न घेता म्हणाल्या, "यंदा इथे नको. पलीकडच्या गल्लीत एक घर आहे, मी दाखवते." त्या घरातली बाईही पट्टी करायला लागली आहे. भाभींनीच तिला पापुद्रे सोडवायची युक्ती शिकवली.

आता गल्लीत आणखी चार घरी पट्टी होते. पाकिटाचा भाव पंचावन्नवरून पन्नासवर आला आहे. त्या बाईला शिकवले नसते तर बरे झाले असते, असे जाऊ म्हणते. भाभी म्हणतात, तव्यापुढे बसून ती स्वतःच शिकली असती, चार दिवस उशिरा. पण भावाची काळजी त्यांनाही आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. एप्रिलच्या झळांत पट्टी तडकायची. आता फेब्रुवारीत ती भिंतीसारखी शहाणी राहते, त्यामुळे कोणालाही जमते. कठीण दिवसांत जी सफाई लागे तिचा फायदा पुढची काही वर्षे मिळणार नाही.

म्हणून नवी खटपट चालू आहे. काकूंची मुलगी पुण्यात असते. तिच्या सोसायटीतल्या सात-आठ घरांत दर आठवड्याला कडक भाकरी जाते. त्याच खोक्यातून पट्टी पाठवून बघायचे ठरले. पहिल्या वेळी पट्ट्या घामेजून चिकटल्या. दुसऱ्या वेळी त्या पुरत्या निवू दिल्या, प्रत्येक दहांमध्ये बटर पेपर घातला आणि पाकीट फडक्यात बांधले. पुण्याहून फोन आला, नीट पोचल्या, पुढच्या वेळी चार जास्त.

शनिवारी संध्याकाळी इफ्तार झाल्यावर काकूंच्या ओसरीवर खोके भरले गेले. पट्टी खाली, भाकरी वर. उलटे केले की भाकरी मोडते.